जावयाच्या गळ्यातली वीणा

मी देवाला हात जोडणं सोडलं होतं. लपूनछपून नव्हे, घरात सगळ्यांना सांगून. वर्षाची, म्हणजे माझ्या बायकोची, कूस दोन वेळा भरली आणि दोन्ही वेळा पाचवा महिना लागायच्या आत रिकामी झाली. पहिल्या वेळी मी सगळं केलं होतं. सोमवार धरले, अनवाणी चाललो, सांगेल त्या देवळाची पायरी चढलो. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आई देवापुढे दिवा लावत होती. मी तिला म्हटलं, तुला करायचं तर कर, यापुढे मला आरतीला हाक मारू नकोस. तिनं नंतर कधी मारली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ज्याच्याकडून काही मिळत नाही त्याच्या दारात उभं राहण्याचा अपमान तरी संपला, असं वाटलं.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कोणी मला मोठा भक्त समजू नये.

मी यवतमाळजवळच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. आठ तासांची पाळी, समोर पॅनल, दर तासाला वहीत आकडे लिहायचे, कुठली लाईन गेली तर बघायचं आणि लोकांच्या शिव्या फोनवर ऐकायच्या. आमच्या कामाचा एकच धर्म आहे: पुढच्या पाळीचा माणूस, आम्ही त्याला रिलीव्हर म्हणतो, तो आल्याशिवाय आणि त्यानं वहीत सही करून चार्ज घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही. तुमचं डोकं दुखो, घरी पाहुणे येवोत, रिलीव्हर दुसऱ्या गावाच्या लग्नात अडकून पडो. एकदा मी सलग तीन पाळ्या बसलो आहे. पंधरा वर्षं हे केल्यावर माणसाची झोप बिघडते. सुट्टीच्या दिवशीही कानात त्या ट्रान्सफॉर्मरची घरघर चालू असते आणि पंखा बंद पडला की मी दचकून उठून बसतो. आराम म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. लोक म्हणायचे, जरा देवाधर्माचं बघ म्हणजे मन शांत होईल. मी म्हणायचो, देवाला सांगा मला एक रिलीव्हर पाठव म्हणून.

तिसऱ्या वेळी वर्षाला सातवा महिना लागला आणि ती माहेरी गेली. फुलसावंगीच्या पुढे आत लहानसं गाव आहे तिचं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी जाताना रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं होतं की डोकं फार दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एक तासही घरी थांबायचं नाही. मी ते वाक्य पाठ करून टाकलं होतं. चैत्रात मला मोठ्या मुश्किलीनं शनिवार-रविवार मिळाले. ठरवलं, सासुरवाडीला जायचं, वर्षाला बघायचं आणि दोन्ही दुपारी कडुनिंबाखाली खाट टाकून झोपायचं. जावयाला सासुरवाडीत कोणी पाण्याचा पेला उचलू देत नाही. जन्मात पहिल्यांदा या रिवाजाचा मी पुरेपूर फायदा घेणार होतो.

गावात पोचलो तर देवळापुढे मांडव. हरिनाम सप्ताह चालू होता, पाचवा दिवस. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फेट्यात सामोरे आले आणि चहा पिता पिता जरा चाचरत त्यांनी सांगितलं की हा सप्ताह त्यांनीच उभा केलाय. वर्षीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, सात दिवस सात रात्री वीणा खाली टेकू देणार नाही, असा नवस केला होता म्हणून. सप्ताहात वीणा कोणाच्या तरी गळ्यात असलीच पाहिजे, दोन-दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ती जमिनीला टेकली की पहारा तुटला. पहाऱ्याची यादी त्यांनी आपल्या हातानं लिहून खांबाला लावली होती.

माझं डोकं सणकलं. माझ्या लेकराच्या नावानं मला न विचारता सौदा! मी म्हटलं, "मामाजी, याच्या आधीच्या दोघांच्या वेळी तुमचा देव कुठी गेलता?" त्यांनी कप खाली ठेवला आणि महागावला निघून गेले, काल्याच्या जेवणाचं सामान आणायला. वर्षानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. तिचे पाय सुजले होते. मी ते दाबून दिले, गोळी घेतली का विचारलं. ती म्हणाली, घेतली, आता तू झोप, तुझेच डोळे लाल झालेत.

पण घरात सप्ताहाचे पाहुणे, लहान मुलं, भांड्यांचा आवाज. म्हणून मी उशी काखेत मारून मांडवात गेलो. तिथे सावली होती, मोठा कूलर होता आणि चार-पाच जण आधीच घोरत पडले होते. दहा ते बाराचा पहारा झिंगराजी बुवांचा होता. सत्तरीचे असतील. माझी उशी बघून ते वीणा छेडत छेडतच जवळ आले आणि कानाशी पुटपुटले, "जावईबापू, पाच मिंट धरता का? मले बाजूले जाऊन येऊ द्या. म्हातारपनी लय ताप हाय हा." मी आंघोळ केलेली होती, चप्पल बाहेर होती. नाही म्हणायला कारणच सापडेना. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, वाकून माझ्या पायाला हात लावला. वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं असतं. मी अवघडून वाकल्यासारखं केलं. बुवा गेले.

ते परत आले नाहीत. नंतर कळलं की घरी गेल्यावर सुनेनं ताट वाढलं आणि जेवणावर त्यांना झोप लागली. बारा वाजता यादीतला पुढचा माणूस आला. मांडवाच्या तोंडाशी थबकला, मला बघितलं, त्याचा चेहरा उजळला. मला लांबूनच हात जोडून तो आल्या पावली परत गेला. मी तारांवर बोट आपटून त्याला खुणावत होतो, तर त्याला वाटलं मी तल्लीन झालोय. जावई कधी सासुरवाडीत कामाला हात लावत नाही. त्यानं वीणा घेतली म्हणजे आपल्या बायकोसाठी, होणाऱ्या लेकरासाठी, मनापासून घेतली असणार. मग त्याच्या सेवेच्या आड कशाला यायचं? सगळ्या गावाचं यावर एकमत होतं. दोन बाया आल्या, माझ्या पायापुढे तांदूळ ठेवून गेल्या. मी उभाच. तोंडानं नाव घ्यायचं असतं, ते मी घेतलं नाही. नुसता तुणतुण करत राहिलो. मनात म्हणत होतो, माझ्याकडून फुकट काम करून घे, पण नाव काढून घेऊ शकणार नाहीस.

पाऊण वाजायला आला असेल. खिशात फोन थरथरला. एका हातानं काढला. सासूबाईंचा होता. "बापू, लौकर या. वर्षीचं डोकं फुटून राह्यलं म्हनते. डोयापुढं काजवे दिसून राह्यले तिले. हातपाय गार पडले."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं, आणि त्याच वेळी माझे पाय जागचे हलले नाहीत. श्रद्धा म्हणून नव्हे. पंधरा वर्षांत अंगात मुरलेली खोड म्हणून. चार्ज गळ्यात आहे आणि रिलीव्हर नाही. मी ओरडलो. झोपलेल्यांपैकी एक जण उठून बसला. मी म्हटलं, "घ्या हो कोनी, मले जाऊ द्या, घरी तब्येत बिघडली!" तो म्हणाला, "माही आंघोळ नाई झाली, कशी घेऊ? आलोच न्हाऊन." आणि खरंच धावत सुटला. दुसरा म्हणाला, त्याच्या घरी सुतक आहे. तिसरा उठलाच नाही. मी जळत होतो. वर्षा तिकडे पडली आहे आणि इथे माणसं आंघोळीला जातायत! मी वीणेची दोरी मानेवरून काढली आणि खाली ठेवायला वाकलो. ठेवणारच होतो. ते मी आजही नाकारत नाही.

"खाली नोको ठेवू. दे इकडं."

मांडवाच्या कडेला चपलांपाशी बसून काही बाया महाप्रसादाची डाळ निवडत होत्या. त्यातली एक म्हातारी उठून माझ्यापुढे उभी होती. जवळच्या बंजारा तांड्यावरची सोमलीबाई. गावात सगळे तिला सोमली याडी म्हणत, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. दर सप्ताहात ती बिनबोलावता यायची, पाखडायची, निवडायची आणि मागे बसून कीर्तन ऐकून जायची. रांजणातलं पाणी घेऊन तिनं हात-तोंड धुतलं होतं, पदर खोचला होता.

मी म्हटलं, "याडी, बाया घेत नाईत ना इथं..."

"तुही बाई तिकडं तडफडून राह्यली अन् तू इथं बायामानसांचं घेऊन बसला? जाय तू. मी हावो."

तिनं मान पुढे केली. मी वीणा तिच्या गळ्यात घातली आणि पळालो. पाया पडायचं विसरलो.

शेजाऱ्यांची जीप होती. मागच्या सीटवर वर्षाचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर, आणि मी पुढे. पुसद गाठायला तासाच्या वर लागलं. अर्ध्या वाटेत ती मला ओळखेनाशी झाली. मी कोणाचाही धावा केला नाही. ड्रायव्हरला मात्र इतक्या शिव्या दिल्या की तो बिचारा अजून आठवण काढतो. दवाखान्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि माझ्याकडे न बघताच नर्सला ऑपरेशनची तयारी सांगितली. कुठेतरी सह्या केल्या. साडेतीनच्या सुमारास एका नर्सनं बाहेर येऊन सांगितलं की मुलगी झाली, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. आईला झटका येता येता राहिला. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींचंही काही खरं नव्हतं. ती हे रोजच्यासारखं सांगून गेली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

आता अर्धा तास म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा. एक जण न्हाऊन येईपर्यंतचा वेळ, किंवा झिंगराजी बुवांची झोप पुरी होईपर्यंतचा. याला चमत्कार म्हणा असं मी कोणाला सांगत नाही आणि म्हणू नका असंही सांगत नाही. म्हटलं तर मी वीणा खाली ठेवूनही जाऊ शकलो असतो, वेळ तितकाच वाचला असता. मग फरक काय पडला, हे मला संध्याकाळी कळलं.

नर्सनं जुने, मऊ, धुतलेले कपडे मागितले आणि वर्षाची आधीची फाईल. दोन्ही गावात राहिलं होतं. सासूबाई थांबल्या, मी त्याच जीपनं परत निघालो. मामाजींना दुपारपासून दहा वेळा फोन लावला होता, उचलत नव्हते. पोटची पोर मरणाच्या दारात आणि बापाला फोन घ्यायला सवड नाही! रस्ताभर मी त्यांना ऐकवायची वाक्यं जुळवत होतो.

दिवेलागणीला गावात शिरलो. मांडवाभोवती गर्दी होती, पण टाळ नाही, भजन नाही. आत गेलो. सोमलीबाई अजून उभी होती.

पाऊण वाजल्यापासून ती उभी होती. एक खांदा पार खाली गेला होता, पाय घोट्यापाशी सुजले होते. बोटं मात्र तारेवर चालू होती आणि ओठ हलत होते. तिच्यासमोर मामाजी गुडघ्यांवर बसले होते. हातात सूप होतं आणि त्या सुपानं ते तिला वारा घालत होते. मधूनच तांब्या उचलून तिच्या तोंडाला लावत होते, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले. दुपारी महागावहून आल्यापासून ते तिथून हलले नव्हते. फोन घरी कोनाड्यात पडला होता.

झालं होतं असं. आंघोळीला गेलेला माणूस न्हाऊन आला, बाईच्या गळ्यात वीणा बघितली आणि तसाच समितीच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष आले, म्हणाले, बाईनं वीणा घेतली, पहारा तुटला. रात्री आठला कीर्तनकार महाराज येतील, ते सांगतील तसं करू. तोवर तिच्या हातची वीणा कोणी घ्यायची नाही. आणि तिनं ती खाली ठेवायचीही नाही. का? तर महाराज आल्यावर म्हणाले की पहारा चालूच आहे, तर मग?

मी हे ऐकलं आणि माझा तोल गेला. "तुटला म्हनता ना पहारा? मंग तिले खाली ठेवू द्या, तुमचं काय जाते? नाई तुटला? मंग घ्या तिच्याजवळून! सहा तास एक म्हातारी उभी हाय अन् तुमी खुर्च्या टाकून बसले!"

अध्यक्ष म्हणाले, "जावईबापू, तुमी पाहुने हा. तुमी देव मानत नाई, तुमाले यातलं कयत नाई."

"मले पहारा कयते," मी म्हटलं. "पंधरा वर्षं तेच करून राह्यलो. मी चार्ज देल्ला अन् इनं घेतला. तुमच्यातल्या एकानं बी घेतला नाई. पहारा तुटला असन त तो तुमच्या आंघोयीत तुटला, इच्या हातात नाई."

मी पुढे गेलो. अंगावर जीपची धूळ होती, दवाखान्याचा वास होता, आंघोळीचं तर नावच नको. मी सोमलीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, दुपारी राहिलेलं. ती मागे सरायला बघत होती, पण पाय उचलेनात. "तू गावचा जावाई हायेस रे बापू, मले पाप लावतं का?" मी म्हटलं, "घाल माह्या गयात." तिनं दोरी काढली. इतका वेळ वाकलेली मान सरळ करताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. वीणा माझ्या गळ्यात आली तेव्हा तिची लाकडी दांडी म्हातारीच्या अंगानं गरम झाली होती. मग ती खांबाला टेकून खाली बसली, पाय लांब केले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आता कोनी चा देते का मले?"

मी छेडू लागलो. "तोंड बी चालव बापू," ती चहाची वाट बघत म्हणाली, "नुसतं तुणतुण कायले करतं?" आणि माझ्या तोंडून नाव निघालं. विठ्ठल. मी ठरवून घेतलं नाही. आलं ते आलं. त्याचं मला भांडवल करायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही.

मामाजी अजून गुडघ्यांवरच होते. सूप हातात तसंच. माझ्याकडे वर बघून त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "वर्षी?"

मग माझ्या लक्षात आलं की दुपारपासून हा माणूस काय करत होता. त्याच्या मते त्याच्या पोरीचा जीव त्या म्हातारीच्या दोन पायांवर उभा होता. गावाच्या विरोधात जाऊन वीणा घ्यायची त्याची हिंमत झाली नाही, आणि ती पडेल या भीतीनं तिला सोडून पोरीकडे जायचीही झाली नाही. जी हिंमत होती ती त्यानं वारा घालण्यात घातली. रस्ताभर जुळवलेली माझी सगळी वाक्यं मी गिळली.

"ऑपरेशन झालं मामाजी. पोरगी झाली. दोघी हायेत."

ते रडले. मांडवात, सगळ्यांसमोर, सूप तोंडाशी धरून रडले. मग उठले, रांजणावर हात-पाय धुतले आणि आधी सोमलीबाईच्या समोर गेले. ती बशीत चहा ओतत होती. त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला. चहा सांडला. तिथून माझ्यापुढे आले आणि मान पुढे केली. "द्या बापू. पुढचा पहारा माहा."

अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, जरा दम खा. महाराज येऊ द्या."

"महाराज येतीन त जेवतीन," मामाजी म्हणाले. "सप्ताह माह्या पोरीच्या नावानं हाय. तिचा पहारा कोनं राखला ते मी डोयानं पाह्यलं."

मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली. महाराज आठला आले, सगळं ऐकून घेतलं, काहीच निवाडा दिला नाही आणि कीर्तनाला उभे राहिले. शहाणा माणूस. सप्ताह ठरल्या दिवशी पार पडला. अध्यक्षांचं अजूनही म्हणणं आहे की पहारा तुटला होता. असेल. माझ्याशी ते दोन वर्षं बोलत नाहीत, आणि मला त्याची खंत नाही. पुढल्या वर्षीच्या यादीत मामाजींनी सोमलीबाईचं नाव घातलं तेव्हा दोन घरांनी वर्गणी परत मागितली. मामाजींनी दिली. गावात अजून कुजबुज आहे, तिला मी जुमानत नाही. देव बाईच्या गळ्यात बाटतो असं ज्याला वाटतं, त्याचा देव त्याला लखलाभ. मी ज्याचं नाव घेतलं तो सहा तास तिच्या गळ्यात राहिला आणि तक्रार करून गेला नाही.

तरीही राग हाच माझा शेवटचा शब्द नाही. त्या दुपारी मांडवात घोरणाऱ्यांवर मी किती चिडलो होतो! नंतर विचार केला, ती माणसं झोपली ती कोणाच्या भरवशावर? माझ्या. गळ्यात वीणा असलेला कोणीतरी जागा आहे, म्हणून ते निवांत होते. मला पंधरा वर्षं झोप लागत नव्हती, कारण माझ्या मागे कोणी जागं आहे यावर माझा विश्वासच नव्हता. आराम मिळत नाही म्हणून मी देवावर रुसलो होतो, पण आराम म्हणजे रिकामा वेळ नव्हेच. हातातलं कोणाला तरी देता आलं पाहिजे. आणि मला द्यायचं कसं ते येत नव्हतं. एक तर मी धरून ठेवायचो, नाही तर रागानं खाली आपटायचो. दोन्हीच्या मध्ये एक म्हातारी मान पुढे करून उभी असते, हे मला त्या शनिवारी दिसलं. शरण जाणं म्हणतात ते हेच असेल तर मला ते आता कठीण वाटत नाही. त्यासाठी ताठपणा सोडावा लागतो हे खोटं आहे. सोमलीबाईइतकं ताठ मी कोणाला बघितलेलं नाही.

रविवारी दुपारी मी दवाखान्यात होतो. वर्षा शुद्धीवर आली होती, मला ओळखून हसली होती. काचेच्या पेटीबाहेर थोडा वेळ काढून नर्सनं मुलीला मामाजींच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. माझ्या पंजापेक्षा जेमतेम मोठी. मी श्वास धरून उभा होतो. हलवलं तर काही होईल, धरलं तर काही होईल, दिलं तर काही होईल. आधीचे दोघं माझ्या हातात आलेच नव्हते. ही आली होती, आणि आता तिला परत पेटीत ठेवायची वेळ झाली होती. नर्सनं हात पुढे केले. माझे हात सुटेनात. ती दमलेली दिसत होती, तिचीही दुसरी पाळी चालू असावी. ती म्हणाली, "द्या हो दादा, मी आहे इथं. तुम्ही बसा जरा."

मी दिली. आणि बाहेरच्या बाकावर बसलो, आणि मला झोप लागली.